मांडणी

'मांडणी' हा मराठीतला एक बहुगुणी शब्द आहे. आपण साहित्याचे अध्यापक तो दिवसातून दहादा वापरतो. लेखाची मांडणी विस्कळीत आहे, प्रबंधातील मांडणी तर्कशुद्ध नाही, अमुक समीक्षकाने अमुक सिद्धान्ताची मांडणी केली, असे आपण सहज बोलून जातो. माझ्या आजीच्या लेखी मात्र मांडणी म्हणजे स्वयंपाकघरात भिंतीला लावलेली, ताटे, वाट्या, तांबे ओळीने ठेवण्याची फळ्यांची चौकट. तिच्या मांडणीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. दिवे गेलेले असतानाही हात घातला की वाटीच्या जागी वाटीच हाताला लागली पाहिजे, असा तिचा दंडक होता. या दोन अर्थांखेरीज शब्दाला तिसराही एक अर्थ आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे साहित्याची मांडणी करा' असे वाक्य असे. तिथे 'साहित्य' म्हणजे काचेच्या नळ्या आणि तारा. आपल्या विषयाचे नाव आणि आपल्या समीक्षेचा आवडता शब्द असे दोन्ही ज्या वाक्यात शेजारी बसले होते, त्या वाक्याकडे मी पुढची तीस वर्षे ढुंकूनही पाहिले नाही. गेल्या दोन वर्षांत ते पाहण्याचा योग आला, त्याविषयी हे लिहीत आहे.

माझी भाची परदेशातील एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करते. ती सुट्टीवर आली असताना माझ्या वडिलांनी तिला विचारले, "तू तिथं नेमकं करतेस तरी काय?" आबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ८४. तिने क्षणभर विचार केला, दोन-चार इंग्रजी शब्द मनातल्या मनात जुळवून पाहिले आणि म्हणाली, "आबा, ते तुम्हाला नाही कळणार." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, असलाच तर थोडा थकवा होता. आबा हसले. पण ज्या माणसाने उभे आयुष्य खेड्यापाड्यांतल्या मुलांना अपूर्णांक समजावून देण्यात घालवले, त्याला हे उत्तर कसे पुरावे? ते म्हणाले, "मला कळणार नाही, की तुला सांगता येणार नाही, हे आधी ठरव."

हा प्रश्न वरवर पाहता आजोबा-नातीचा आहे. परंतु तो मला माझ्या व्यवसायाचा प्रश्न वाटला. आपली भाषा शिकवून मी पोट भरते. त्याच भाषेत माझ्या घरातली एक मुलगी स्वतःचे काम सांगू शकत नसेल, तर दोष केवळ तिचा नाही. मी तिला सुचवले की दर रविवारी तिने टेबलावरच्या एकाच वस्तूविषयी मला लिहावे. जास्त नको, एकच. मी ते आबांना वाचून दाखवीन आणि अडेल तिथे उलट विचारीन. त्यातून जे हाती लागले ते असे.

अणू डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यावर काहीतरी फेकावे आणि फेकलेली वस्तू कशी परतते ते पाहावे, हा त्याला जाणून घेण्याचा एक जुना मार्ग आहे. १९१४ साली बर्लिनमध्ये जेम्स फ्रँक आणि गुस्ताव्ह हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन पाठवले. इलेक्ट्रॉनांना वेग देणारा विद्युतदाब ते हळूहळू वाढवत गेले. दाब वाढला की पलीकडे पोहोचणारा प्रवाहही वाढे; मात्र सुमारे ४.९ व्होल्टपाशी तो एकाएकी घसरे, पुन्हा चढे, आणि तेवढ्याच अंतराने पुन्हा घसरे. पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनाकडून ऊर्जा घेतो ती ४.९ एककांचा पुरता घास म्हणून. त्याहून कमी दिली तर घेतच नाही. घेतलेली ऊर्जा तो पुढे अतिनील प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. या प्रयोगाला १९२५चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की या घसरणीचा अर्थ त्या दोघांनी आरंभी निराळाच लावला होता: अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जात असावा, असे त्यांना वाटले. नील्स बोर यांच्या अणुकल्पनेच्या प्रकाशात तिचा आजचा अर्थ स्थिरावला. संहिता अचूक आणि तिचे पहिले वाचन मात्र चुकलेले, ही घटना आपल्या क्षेत्रापुरतीच मर्यादित नाही तर!

पुढे १९२१ साली ऑस्कर क्लाइन आणि स्वेन रोसलँड या दोन तरुणांनी केवळ तर्काने एक गोष्ट दाखवून दिली. इलेक्ट्रॉन अणूला ऊर्जा देऊन मंदावतो हे खरे असेल, तर याची उलट घटनाही निसर्गात घडलीच पाहिजे. आधीच उत्तेजित असलेल्या अणूवर एखादा मंद इलेक्ट्रॉन आदळेल, अणू शांत होईल आणि त्याची ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन अधिक वेगाने निघून जाईल. असे घडत नसेल तर उष्णतेचा समतोलच टिकणार नाही.

टकरींचे हे तीन प्रकार आबांना सांगताना माझी त्रेधा उडाली. परिभाषेच्या वळणाने जायचे तर स्थितिस्थापक, अस्थितिस्थापक आणि अतिस्थितिस्थापक. आबांनी ते शब्द ऐकून घेतले, विड्याला चुना लावला आणि म्हणाले, "म्हणजे पाहुण्यासारखंच की. एक पाहुणा येतो, उंबऱ्यावरूनच वळतो. काही दिलं नाही, काही नेलं नाही. दुसरा येताना खाऊ आणतो आणि रिकाम्या हातानं जातो. तिसरा रिकाम्या हातानं येतो आणि शिदोरी बांधून घेऊन जातो." मी हे जसेच्या तसे भाचीला कळवले. तिचे उत्तर आले: "आत्या, माझा सगळा प्रबंध तिसऱ्या पाहुण्यावर आहे."

या तिसऱ्या पाहुण्याचे महत्त्व काय, हे कळायला आधी दुसऱ्याकडे पुन्हा वळावे लागते. इलेक्ट्रॉनाने अणूला धडक दिली की अणूभोवतालचा इलेक्ट्रॉन-मेघ विशिष्ट आकार धारण करतो. तो एका दिशेला लांबट होतो, तिरपा होतो, एखाद्या बाजूने गरगरूही लागतो. टकरीची हकीकत या आकारात नोंदलेली असते. ती वाचायची तर एका विशिष्ट कोनात निघालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच अणूने टाकलेला प्रकाशकण, असे दोघे जोडीने पकडावे लागतात. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे १९७३ साली हेलियमच्या अणूंवर हे करून दाखवण्यात आले. पण अशी जोडी हाती लागणे दुर्मीळ. प्रकाशकण कोणत्याही दिशेला जाऊ शकतो आणि शोधक बसतो एकाच दिशेला. एकेका आकड्यासाठी दिवसच्या दिवस मोजत बसावे लागते.

त्याच दशकात जर्मनीत हेर्टेल आणि श्टोल यांनी सोडियमच्या अणूंवर हेच काम उलट्या बाजूने केले. चित्रपटाची फीत उलटी फिरवावी तशी ही युक्ती आहे. सरळ प्रयोगात शेवटी प्रकाश बाहेर पडतो. इथे सुरुवातीलाच लेसरने तोच प्रकाश आत घालायचा. अणू आधी उत्तेजित करायचा, आणि तोही आपल्याला हव्या त्या आकारात. मग त्यावर इलेक्ट्रॉन सोडायचे आणि शिदोरी घेऊन निघालेले तेवढे मोजायचे. दोन्ही प्रयोगांतून हाती येणारे ज्ञान एकच, कारण निसर्गाचे हे नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात. आता मात्र जोडीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून मोजणी कित्येक पटींनी जलद होते. हे साधते ते केवळ लेसरमुळे. त्यामुळे या प्रयोगाचा निम्मा जीव लेसरच्या टेबलावर असतो.

त्या टेबलाचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा मला बुद्धिबळाचा पट आठवला. जाड, जड पोलादी पट्टा. त्याच्या पृष्ठभागावर २५ मिलिमीटर अंतरावर आटे पाडलेली भोके, ओळीने आणि रांगेने, शेकड्यांनी. हवेच्या गाद्यांवर तो तोललेला, म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी चालले तरी कंप पोहोचू नये. प्रत्येक आरसा, प्रत्येक भिंग एकेका खांबावर उभे आणि खांब भोकात पक्का आवळलेला. आरशाच्या पाठीशी दोन बारीक स्क्रू: एकाने आरसा डावी-उजवीकडे, दुसऱ्याने वर-खाली किंचित कलतो. मध्ये प्रकाशाची एक पिवळी रेघ, एका आरशावरून दुसऱ्यावर वळणे घेत निघालेली.

रेघ पिवळी, कारण अणू सोडियमचा. आपल्या रस्त्यांवर एलईडी येण्यापूर्वी जे पिवळे दिवे होते, त्यांचा रंग हाच: तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. दिव्यातला रंग चालेल असा असतो; प्रयोगातला तसा चालत नाही. या प्रकाशाची सेकंदाला सुमारे ५ लाख अब्ज कंपने होतात आणि अणू ज्या कंपनांना प्रतिसाद देतो त्या पट्ट्याची रुंदी अवघी १ कोटी. म्हणजे लेसरचा स्वर पाच कोटींत एक इतक्या बारकाईने लावावा लागतो. वर तो लागलेलाच राहिला पाहिजे, आणि लेसर तर खोलीचे तापमान जरासे बदलले तरी सरकतो. म्हणून झोतातला थोडा अंश एका अर्धपारदर्शक आरशाने फोडून सोडियमची वाफ भरलेल्या काचेच्या कुपीतून नेतात. ही कुपी म्हणजे मैफलीतला तंबोरा. लेसर सुरातून उतरला की कुपीतून येणारा प्रकाश बदलतो आणि त्या इशाऱ्यावर लेसर आपोआप पुन्हा सुरात आणला जातो. झोताच्या वाटेवर एक फाटकही असते. ते प्रकाशाला पुढे जाऊ देते, परतू देत नाही. कारण स्वतःचेच प्रतिबिंब परत आत शिरले तर लेसर बिथरतो. (लेखकांच्या बाबतीतही असे फाटक असते तर! असो.)

सूर लागला तरी भागत नाही. सोडियमचा अणू शांत अवस्थेत एका पायरीवर उभा नसतो. अगदी जवळजवळच्या दोन पायऱ्या असतात, त्यांच्यातले अंतर १७७२ मेगाहर्ट्झ. लेसर एका पायरीवरच्या अणूंना वर उचलतो. पण खाली येताना त्यातले काही दुसऱ्या पायरीवर उतरतात. तिथे उतरलेल्या अणूला लेसर दिसतच नाही. थोड्याच वेळात बहुतेक अणू तिथे जमा होतात आणि प्रयोग मंदावतो. यावरचा एक उपाय म्हणजे झोत एका खास स्फटिकातून नेणे. विजेच्या लहरींनी स्पंदणारा हा स्फटिक मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना उपस्वर निर्माण करतो. स्वरांची निवड अशी करतात, की दोन्ही पायऱ्यांवरच्या अणूंना आपापली हाक ऐकू जावी. वर्गात एकाच पट्टीत बोलणाऱ्या अध्यापकासमोर निम्मा वर्ग हळूहळू मागच्या बाकांवर का सरकतो, याचे इतके नेमके वर्णन मी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतही वाचलेले नाही.

यानंतर येते ते ध्रुवण, आणि माझ्या मते हा या मांडणीचा आत्मा आहे. प्रकाश ही आडवी हलणारी लहर आहे. ती कोणत्या दिशेने हलते, यावर अणूचा आकार ठरतो. ध्रुवक नावाची काच एकाच दिशेचे हलणे पुढे सोडते. अर्धतरंग पट्टी फिरवली की ती दिशा हवी तितकी वळवता येते. चतुर्थांशतरंग पट्टी योग्य कोनात ठेवली, तर सरळ हलणारी लहर मळसूत्राप्रमाणे गोल फिरू लागते, डावीकडे किंवा उजवीकडे. म्हणजे दोन पातळ काचा फिरवून संशोधक अणूला सांगतो: असा उभा राहा, आता आडवा हो, आता तिरपा; आता या बाजूने फीर, आता त्या.

प्रत्यक्ष मोजण्या सहाच: उभा आणि आडवा, एक तिरपा आणि दुसरा तिरपा, उजवा फेर आणि डावा फेर. प्रत्येक स्थितीत, ठरावीक कोनात, शिदोरी घेऊन किती इलेक्ट्रॉन बाहेर पडले ते मोजायचे. जोडीतल्या दोन संख्यांची वजाबाकी करायची आणि तिला त्यांच्याच बेरजेने भागायचे. आबांना हे फार आवडले. "अपूर्णांकच की," ते म्हणाले. अशा तीन अपूर्णांकांतून टकरीत घडणाऱ्या मेघाची लांबी-रुंदी, त्याचा कल आणि तो कोणत्या बाजूला किती फिरतो, हे सारे उलगडते. अणूचे चित्र कुणीच काढलेले नसते. सहा प्रश्न विचारलेले असतात आणि सहा उत्तरे जपून ठेवलेली असतात.

या उत्तरांत खोट शिरते कुठून? भाचीची सर्वांत लांब पत्रे या प्रश्नावर होती. प्रत्येक आरसा ध्रुवण थोडे बिघडवू शकतो, म्हणून ध्रुवक आणि पट्ट्या अगदी शेवटी, निर्वात पात्राच्या खिडकीला लागून बसवायच्या. ती खिडकीची काच बसवताना स्क्रू एका बाजूने अधिक आवळले गेले तर काचेत ताण उतरतो आणि तो ताणही ध्रुवण बिघडवतो. पात्रातील हवा इतकी काढून घ्यायची की दाब बाहेरच्या वातावरणाच्या एक अब्जांशाहूनही कमी व्हावा. पृथ्वीचे चुंबकत्व निपटून काढायचे, कारण दहा व्होल्टांचा इलेक्ट्रॉन त्या मंद क्षेत्रातही सुमारे २० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. म्हणजे नेम धरलेल्या जागी तो पोहोचतच नाही. त्यासाठी पात्राभोवती तारांची मोठी वेटोळी आणि आत खास मिश्रधातूचे अस्तर. आणि दर मोजणीच्या जोडीला लेसर अडवून तीच मोजणी पुन्हा करायची. लेसर नसतानाही जे इलेक्ट्रॉन शोधकात येऊन पडतात त्यांचा अणूच्या उत्तेजनाशी काही संबंध नाही. ते वजा झाले पाहिजेत.

कधी कधी मांडणीच प्रश्नाच्या आड येते. इलेक्ट्रॉनांची तोफ जिथे बसवली आहे तिथे शोधक बसवता येत नाही, त्यामुळे धडकून थेट उलटे फिरणारे इलेक्ट्रॉन अनेक वर्षे मोजणीबाहेर राहिले. १९९६ साली मँचेस्टरच्या फ्रँक रीड यांनी चॅनिंग यांच्याबरोबर यावर तोड सुचवली. टकरीच्या जागेभोवती अगदी छोट्या टापूत चुंबकीय क्षेत्र उभे करायचे, जे बाहेर जवळजवळ शून्य होते. त्यात येणारा झोत वळतो, परतणारेही वळतात आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे त्याच विद्यापीठात हार्वी आणि मरे यांनी २००८ साली आणखी एक पेच सोडवला. लेसरने अतिशीत केलेले अणू पकडून ठेवायला चुंबकीय क्षेत्र लागते आणि मंद इलेक्ट्रॉनांना तेच क्षेत्र भरकटवते. त्यांनी वेटोळ्यांतला प्रवाह उलटसुलट वाहता ठेवला आणि प्रकाशाचा फेरही त्याच तालात बदलता ठेवला. त्यामुळे अणू सुटून जाण्यापूर्वीच क्षेत्र झटकन शून्यावर आणता येते. ज्या चुंबकत्वाला हाकलायचे, त्याचीच मदत घ्यायची, या दोन्ही युक्त्यांतला खट्याळपणा मला भावला.

या सगळ्या पत्रव्यवहारात शब्दांची झटापट अखंड चालू होती. 'स्कॅटरिंग'ला आपल्याकडे 'प्रकीर्णन' असा शब्द आहे. साहित्याच्या माणसाला 'प्रकीर्ण' म्हटले की समग्र वाङ्मयाचा शेवटचा खंड आठवतो, जिथे कुठेच न बसणारे लेख टाकून देतात. मूळ अर्थ एकच: विखुरलेले. भौतिकशास्त्र मात्र या विखुरण्यालाच पुरावा मानते. कोण कुठे जाऊन पडले यावरून मध्ये काय होते ते ओळखते. 'ध्रुवण' हा शब्द मला सुंदर वाटतो. त्यात ध्रुवाची अढळ दिशा आहे. पण भाचीने एकदा स्पष्ट लिहिले: "आत्या, तुझे शब्द छान आहेत. पण टेबलापाशी उभी असते तेव्हा मला मराठीत विचार करता येत नाही." या वाक्याने मी बराच काळ अस्वस्थ होते, आणि अजून आहे.

तिचे म्हणणे खोटे नाही. परिभाषा समितीच्या खोलीत घडलेला शब्द आणि कामाच्या जागी घडलेला शब्द यांत फरक असतोच. गॅरेजात आणि लेथवर काम करणाऱ्या आपल्या माणसांनी आटे, पाना, वायसर असे शब्द वापरून वापरून गुळगुळीत केले. काही आपले, काही ऐकून वाकवलेले. पण सगळे हाताला बसणारे. लेसरच्या टेबलापाशी मराठी बोलणारी माणसे आज नक्कीच आहेत. टेबलापाशी बोलली जाणारी मराठी मात्र क्वचित. जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) आकाश मराठीत आणले. तारे, दीर्घिका, विश्वाची उत्पत्ती यांविषयी मराठी वाचक आज सहज बोलतो, याचे मोठे श्रेय त्यांना आहे. विज्ञानाची कथा मराठीत आली, निष्कर्ष आले. आरशाचा स्क्रू पाव वेढा फिरवून दिवसभर प्रकाशाची रेघ जुळवत बसण्याचे जे गद्य आहे, ते मात्र फारसे आले नाही.

आणि इथेच मला आपल्या समीक्षेकडे वळावेसे वाटते. आपणही भौतिकशास्त्राकडून घेतले ते निष्कर्षच. 'सापेक्षता', 'अनिश्चितता', 'निरीक्षकामुळे बदलणारे वास्तव' हे शब्द आपल्या चर्चासत्रांत मुक्तपणे फिरतात. १९९६ साली अमेरिकेत ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने असल्याच शब्दांची जाणूनबुजून निरर्थक गुंफण करून एक लेख एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात छापून आणला. त्या प्रकरणावर बरीच धूळ उडाली आणि बसली. सोकलचा विनोद मला काहीसा क्रूर वाटतो. परंतु त्याने दाखवलेली जागा दुखरी आहे. निरीक्षणाने वस्तू बदलते, असे म्हणून आपण वाचनातील शैथिल्याला तत्त्वज्ञानाची झूल घालतो. ज्यांच्या निरीक्षणाने वस्तू खरोखर बदलते ती माणसे काय करतात, हे आपण पाहिलेलेच नसते. ती माणसे खिडकीच्या काचेतला ताण मोजतात. लेसर अडवून मोजणी पुन्हा करतात. आपल्या हस्तक्षेपाला सहा निश्चित दिशा देतात आणि प्रत्येक दिशेचा हिशेब वेगळा लिहितात. वस्तू बदलते, ही त्यांच्या लेखी कामाची सुरुवात आहे. आपल्याकडे तो बहुधा समारोप असतो.

दरवर्षी पदव्युत्तर वर्गाचे प्रबंधिकांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येतात. त्यांतील बहुसंख्य निबंधांत निष्कर्ष पहिल्याच पानावर ठरलेला असतो आणि पुढची ऐंशी पाने त्याला अनुकूल अवतरणे गोळा करतात. विद्यार्थ्यांना बोल लावून उपयोग नाही. त्यांना 'मांडणी' म्हणजे प्रकरणांचा क्रम असे शिकवले गेले आहे. हल्ली मी त्यांना तीन प्रश्न विचारते. तुमचा सिद्धान्त बाजूला ठेवून हीच कादंबरी वाचली, तर तुमच्या निरीक्षणांपैकी किती शिल्लक राहतात? (म्हणजे लेसर अडवून केलेली मोजणी.) तुमच्या म्हणण्याच्या नेमके विरुद्ध म्हणणे घेऊन हाच उतारा वाचला, तर तो किती साथ देतो? (म्हणजे डाव्या फेरापुढे उजवा फेर.) आणि तुम्ही आणि संहिता यांच्यामध्ये असलेली शेवटची काच कोणती: अनुवाद, संपादित आवृत्ती, पाठ्यपुस्तकातला वेचा? तिच्यात ताण आहे का? एका विद्यार्थ्याने ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणाविषयीचा आपला निबंध या तीन प्रश्नांनंतर निम्म्याहून अधिक खोडला. उरला तो अर्धा मात्र त्याचा स्वतःचा होता, आणि तो त्याने तोंडी परीक्षेत नीट राखला.

अर्थात या साम्याला मर्यादा आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोडियमचा एक अणू दुसऱ्यासारखाच असतो, तंतोतंत. म्हणून लाखो टकरींची बेरीज करता येते. कविता एकेकटी असते. तिच्यावर पहिल्यांदा आदळलेला वाचक आणि दहाव्यांदा परतलेला वाचक यांची बेरीज होत नाही. शिवाय अणू आपल्या प्रश्नांनी दुखावत नाही, लेखक आणि त्याचा समाज दुखावू शकतो. त्यामुळे समीक्षेची प्रयोगशाळा करावी असे मी म्हणत नाही. मर्ढेकरांनी सौंदर्याची लय संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांत बांधू पाहिली, तेव्हा त्यांच्या मनातही शास्त्रीय काटेकोरपणाची ओढ होती. त्या प्रयत्नाच्या मर्यादांवर आपण पुष्कळ लिहिले. मात्र त्या मर्यादा दाखवता दाखवता काटेकोरपणाची ओढच सोडून देण्याचे कारण नव्हते. काव्य मोजता येत नाही हे खरे. आपण वाचताना काय काय मध्ये आणतो, याचा हिशेब मात्र देता येतो.

आबांनी मध्यंतरी विचारले होते की या सगळ्याचा उपयोग काय. भाचीने लिहिले, की ध्रुवीय प्रकाशात, ट्यूबलाइटच्या नळीत, ताऱ्यांच्या वातावरणात, जिथे जिथे तप्त विद्युतभारित वायू आहे तिथे अशाच टकरी अहोरात्र चालू असतात. त्या समजण्यासाठी रचलेली गणिते खरी की खोटी, हे या मोजण्या सांगतात. आबांना हे उत्तर पटले. मला मात्र त्यातले शेवटचे वाक्य अधिक मोलाचे वाटले. गणित कितीही देखणे असले तरी ते कुठेतरी, एखाद्या बंद पात्रात, कुणीतरी जुळवलेल्या प्रकाशाच्या रेघेसमोर हजर झाले पाहिजे.

'कळणार नाही' आणि 'सांगता येणार नाही' यांतील निवड अजून पुरती झालेली नाही. भाचीचा प्रबंध इंग्रजीत लिहिला जात आहे आणि तो तसाच लिहिला जाणार. त्यात खंत करण्यासारखे काही नाही. तिची रविवारची पत्रे चालू आहेत. अलीकडे त्यांत एक बदल दिसतो. पूर्वी ती 'बीम अलाइन केला' असे लिही. गेल्या दोन-तीन पत्रांत 'झोत जुळवला' असे आले आहे. तो शब्द मी सुचवलेला नव्हता, कोशातलाही नव्हे. कामाच्या ओघात तिचा तिलाच सापडला असावा. भाषा टेबलापाशी पोहोचते ती अशीच, एकेका क्रियापदाने. आपल्या हाती आहे ते इतकेच, की ते क्रियापद आले तेव्हा ऐकणारे कुणीतरी जागे असावे.